साठीनंतरची कमाल हृदयगती : आकडा कसा काढावा, कसा वाचावा आणि कधी बाजूला ठेवावा

२२० मधून वय वजा केले की हृदयाची कमाल गती मिळते, हे गणित मनगटावरच्या घड्याळात आहे, व्यायामशाळेतील भिंतीवरच्या तक्त्यात आहे आणि सकाळी टेकडीवर येणाऱ्या मंडळींच्या गप्पांतही आहे. माझे वय ६८. म्हणजे या हिशेबाने मिनिटाला १५२ ठोके ही माझी हद्द झाली. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या मी एकदा जरा झपाट्याने चढलो, तेव्हा घड्याळाने १५७ चा आकडा लाल रंगात दाखवला आणि ते मनगटावर थरथरू लागले. छातीत दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, दमही चढावर लागायला हवा तितकाच लागला होता. तरीही मी अर्ध्या वाटेत बसकण मारली आणि चढण्याने आला नव्हता इतका घाम भीतीने आला. त्याच पायऱ्यांवर रोज भेटणारे, माझ्याच वयाचे एक गृहस्थ उलट्या अडचणीत होते. तक्त्यात त्यांच्या वयापुढे १३० लिहिलेले होते आणि त्यांची नाडी काही केल्या ११२ च्या पुढे जात नव्हती. म्हणून ते दररोज वेग वाढवत होते आणि धापा टाकत वर पोहोचत होते. रक्तदाबासाठी सकाळी घेतलेली गोळीच नाडीला लगाम घालते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दोघांची चूक एकच होती. हजारो माणसांची सरासरी आम्ही स्वतःची मोजणी समजून बसलो होतो. साठीच्या पुढे ही चूक अधिक महागात पडते, कारण या वयात माणसामाणसांतला फरक मोठा असतो, रोजच्या गोळ्या असतात आणि व्यायाम वाजवीपेक्षा कमी झाला काय किंवा जास्त झाला काय, त्याची किंमत लवकर मोजावी लागते. चालणारे, टेकडी चढणारे, सायकल चालवणारे किंवा हळू धावणारे जे पुरुष आहेत, त्यांनी आपला आकडा कसा काढावा हे पुढे सांगितले आहे. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, ज्यांना पेसमेकर बसवला आहे किंवा चालताना छातीत काही जाणवते, त्यांनी हे वाचावे. मात्र आकडे स्वतः न ठरवता आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावेत.

हा आकडा नेमका कशाचा असतो

व्यायामाचा जोर टप्प्याटप्प्याने वाढवत नेला की हृदयाचे ठोकेही वाढत जातात, पण एका ठिकाणी जोर वाढतो आणि ठोके वाढत नाहीत. तो जो शेवटचा आकडा, ती कमाल हृदयगती. ती धोक्याची रेषा नव्हे. निरोगी हृदय त्या गतीच्या पलीकडे जाऊच शकत नाही, म्हणून ‘मी माझी कमाल गती ओलांडली’ असे कोणी म्हणाला, तर त्याने मुळात चुकीचा आकडा धरला होता एवढाच त्याचा अर्थ असतो. ती तंदुरुस्तीची गुणपत्रिकाही नव्हे. तीस वर्षे नियमाने धावणारा पासष्टीचा माणूस आणि खुर्चीतून न उठणारा त्याचा समवयस्क शेजारी, या दोघांची कमाल गती अगदी सारखी असू शकते. सरावाने बदलते ते वेगळेच: प्रत्येक ठोक्यात हृदय अधिक रक्त पुढे ढकलू लागते, त्यामुळे तेच काम कमी ठोक्यांत होते आणि बसल्या जागची नाडी खाली येते.

वयाबरोबर ही गती उतरते, याचे कारण हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात आहे. तेथे ठोक्याची लय ठरवणाऱ्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. वय वाढते तशा या पेशी कमी होत जातात, त्यांची उपजत लय मंदावते, आणि व्यायामाच्या वेळी शरीर जे ॲड्रेनलिन सोडते त्याला हृदय पूर्वीइतक्या तत्परतेने साथ देत नाही. हे पोटाच्या घेरासारखे आपल्या आळसाचे फळ नसते. ते सर्वांचेच होते, दर दहा वर्षांना साधारण सात ठोके या बेताने, आणि व्यायामाने ते थांबत नाही.

याचे एक उत्तम उदाहरण फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मार्शां यांचे आहे. १९११ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांची शास्त्रज्ञांनी १०१ व्या वर्षी प्रयोगशाळेत तपासणी केली आणि दोन वर्षांच्या आखीव सरावानंतर १०३ व्या वर्षी पुन्हा केली. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता या दोन वर्षांत सुमारे १३ टक्क्यांनी वाढली होती, पण हृदयाची सर्वोच्च गती पहिल्या वेळी १३४ आणि दुसऱ्या वेळी १३७ भरली, म्हणजे जवळजवळ तिथेच राहिली. २२० चे गणित त्यांना लावले असते तर १०१ व्या वर्षी ११९ आले असते. त्या गणिताच्या ‘हद्दी’पलीकडे पंधरा ठोके जाऊन हे आजोबा सुखरूप परतले आणि पुढे २०१७ मध्ये, १०५ व्या वर्षी, त्यांनी एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली.

सूत्र कोणते धरावे

२२० चे सूत्र १९७१ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल यांच्या लेखनातून पुढे आले. आधीच्या काही पाहण्यांतले आकडे आलेखावर मांडून, त्यांच्या कलावरून बांधलेला तो एक ढोबळ अंदाज होता आणि त्या आकड्यांत साठीपुढच्या माणसांचा भरणा नव्हता. लक्षात ठेवायला सोपे म्हणून ते जगभर गेले, नंतर यंत्रांत शिरले आणि यंत्रात शिरलेल्या गोष्टीला जी प्रतिष्ठा आपोआप मिळते ती त्याला मिळाली.

हिरोफुमी तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३५१ अभ्यासांतील १८,७१२ निरोगी व्यक्तींची माहिती एकत्र करून दुसरे सूत्र मांडले: वयाला ०.७ ने गुणावे आणि तो गुणाकार २०८ मधून वजा करावा. नॉर्वेत ३,३२० निरोगी प्रौढांच्या प्रत्यक्ष चाचण्यांवरून २०१३ मध्ये आणखी एक सूत्र आले. त्यात वयाला ०.६४ ने गुणून २११ मधून वजा करायचे असते. चाळिसाव्या वर्षी जुने सूत्र आणि तनाकांचे सूत्र दोन्ही १८० वरच येतात, म्हणून तरुणपणी कोणाला फरक जाणवत नाही. त्यानंतर मात्र वाटा फुटतात. साठाव्या वर्षी जुने सूत्र १६० देते, तनाकांचे १६६ आणि नॉर्वेचे १७३. सत्तराव्या वर्षी हेच आकडे १५०, १५९ आणि १६६ होतात, आणि ऐंशीव्या वर्षी १४०, १५२ आणि १६०. जुने सूत्र वय वाढेल तसे अधिकाधिक कमी दाखवत जाते, आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त भीती वाटते त्या ज्येष्ठांच्याच बाबतीत ते सर्वांत जास्त चुकते, ही त्यातली गंमत म्हणावी की दुर्दैव, हे मला ठरवता आलेले नाही.

माझा सल्ला असा की सूत्र वापरायचेच असेल तर २०८ चे वापरावे आणि आलेला आकडा पेन्सिलीने लिहावा. कारण उत्तम सूत्रातही दहा-अकरा ठोक्यांची तफावत अंगभूत असते. सत्तर वर्षांच्या शंभर निरोगी पुरुषांची प्रत्यक्ष चाचणी घेतली, तर साधारण दोनतृतीयांश लोक १४९ ते १६९ च्या दरम्यान सापडतील. उरलेले त्याच्या खाली किंवा वर असतील, आणि एखाद्याची खरी कमाल गती १४० तर दुसऱ्याची १७८ निघाली तरी त्यांत रोगी कोणीही नसेल.

प्रथम बसल्या जागची नाडी

कमाल गतीचा आकडा अंदाजाचा असला, तरी दुसरे टोक आपल्याला घरबसल्या अचूक मोजता येते. सकाळी जाग आल्यावर, उठण्यापूर्वी आणि अर्थातच चहापूर्वी, अंथरुणातच ही मोजणी करावी. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या बाजूला तर्जनी आणि मधले बोट हलकेच ठेवावे. मोजण्यासाठी अंगठा वापरू नये, कारण त्याला स्वतःचे ठोके असतात. पूर्ण एक मिनिट मोजावे. चार-पाच दिवस असे करून सरासरी काढावी. रात्री झोप झालेली नसेल, ताप असेल किंवा आदल्या रात्री मद्य घेतलेले असेल तो दिवस सोडून द्यावा.

मानेवरची नाडी मोजण्याचा मोह टाळावा. ज्येष्ठ पुरुषांत काहींची मानेतली धमनी दाबाला फार संवेदनशील असते आणि तेथे जोराने दाबले तर नाडी एकाएकी मंदावून भोवळ येऊ शकते. दाढी करताना किंवा घट्ट कॉलर घातल्यावर ज्यांना गरगरते त्यांनी तर हे डॉक्टरांना सांगायलाच हवे.

मोजताना ठोक्यांमधले अंतर सारखे आहे का, याकडेही लक्ष द्यावे. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे पुष्कळांत आढळते. परंतु सारीच लय विस्कळीत, कशाचा कशाला मेळ नाही अशी असेल, तर ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा विकार, असू शकते. अशा लयीत या लेखातील एकही हिशेब लागू पडत नाही, आणि व्यायामाचा विचार करण्याआधी ईसीजी काढणे आवश्यक ठरते, कारण त्या विकारात पक्षाघाताचा धोका वाढतो.

टीएमटीचा अहवाल कसा वाचावा

खरी कमाल गती समजण्याचा रास्त मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेली ट्रेडमिल चाचणी, जिला आपण सरसकट टीएमटी म्हणतो. तरुण खेळाडू मैदानावर जीव तोडून धावतात आणि आपली गती मोजतात. साठीपुढच्या माणसाने एकट्याने असे काही करू नये. टीएमटीत बहुधा ब्रूस पद्धत वापरली जाते: पट्टा ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि १० टक्के चढावर सुरू होतो आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्यात वेग ताशी साडेपाच किलोमीटर आणि चढ १४ टक्के होतो, आणि मग भल्याभल्यांचे बोलणे बंद होते.

पुष्कळांच्या कपाटात असा अहवाल पडून असतो. तो काढावा आणि त्यात दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, चाचणीत गाठलेली सर्वोच्च हृदयगती. आणि दुसरी, चाचणी कशामुळे थांबवली ते कारण. हे दुसरे कोणी पाहत नाही, पण पहिल्या आकड्याचा अर्थ त्यावरच ठरतो. ‘लक्ष्य गाठले म्हणून थांबवली’ अशा आशयाचा शेरा असेल, तर तो आकडा आपली कमाल गती नव्हे. यंत्राने २२० च्या सूत्रावरून ठरवलेल्या गतीचा, बहुधा तिच्या ८५ टक्क्यांचा, टप्पा आपण गाठला आणि तंत्रज्ञाने पट्टा थांबवला, इतकेच त्यातून कळते. ‘थकव्यामुळे थांबवली’ असे लिहिलेले असेल आणि आपल्यालाही आता एक पाऊलही टाकवणार नाही असे तेव्हा वाटले असेल, तर तो आकडा खऱ्या कमाल गतीच्या जवळचा आहे. गुडघा दुखला किंवा पोटऱ्या भरून आल्या म्हणून थांबलो असू, तर हृदयाची कसोटी लागलीच नाही असे समजावे. पर्वतीच्या प्रकारानंतर मी केलेल्या चाचणीत मी थकून थांबलो तेव्हा १६४ ठोके पडत होते, आणि ईसीजीत काही दोष निघाला नाही.

आणखी एक बारकावा असा की चाचणीपूर्वी काही वेळा डॉक्टर नाडी मंदावणारी गोळी एक-दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. तसे केले असेल, तर त्या चाचणीतला आकडा गोळीविना असलेल्या हृदयाचा असतो. गोळी पुन्हा सुरू झाली की तो आकडा आपल्या उपयोगाचा राहत नाही, आणि हे विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही.

गोळ्यांचा हिशेब

साठीनंतर ज्याच्याकडे गोळ्यांचा डबा नाही असा पुरुष विरळा, म्हणून इथे जरा थांबायला हवे. नाव ‘-लोल’ ने संपणारी औषधे, म्हणजे मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल, नेबिव्होलोल, ही बीटा ब्लॉकर या वर्गातली असतात. ती हृदयावरचा ॲड्रेनलिनचा परिणाम रोखतात, त्यामुळे बसल्या जागची नाडी आणि कमाल गती दोन्ही उतरतात, कमाल गती तर वीस-तीस ठोक्यांनीही उतरू शकते. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि इव्हाब्रॅडिन हीसुद्धा नाडी मंद करतात. ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन रक्तदाब कमी करतात, पण कमाल गतीला फारसा हात लावत नाहीत. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलोलचे थेंब मात्र विसरू नयेत. थेंब डोळ्यांत घातले तरी औषधाचा अंश रक्तात उतरतो आणि काहींची नाडी त्याने मंदावते. उलट दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल आणि प्रमाणाबाहेर झालेली थायरॉइडची गोळी नाडी वाढवतात.

नाडी मंदावणारे औषध चालू असेल तर कोणतेही वयाचे सूत्र वापरू नये. औषध चालू असताना केलेल्या टीएमटीतला आकडा धरावा, आणि तसा नसेल तर पुढे सांगितलेल्या बोलण्याच्या कसोटीवर भिस्त ठेवावी. व्यायामात नाडी चढावी म्हणून गोळी परस्पर बंद करणे हा मात्र निव्वळ अविचार आहे. बीटा ब्लॉकर एकदम सोडल्यास नाडी आणि रक्तदाब उसळतात आणि हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो.

प्रोस्टेटसाठी घेतली जाणारी टॅमसुलोसिनसारखी गोळी नाडीशी थेट संबंधित नसली, तरी तिने उभे राहताना रक्तदाब घसरतो. व्यायाम संपवून एकदम थांबल्यावर रक्त पायांत साचते, त्यात ही भर पडली की डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांनी शेवटची दहा मिनिटे हळूहळू चालत वेग उतरवणे मुळीच वगळू नये आणि व्यायामानंतर लगेच गरम पाण्याने अंघोळ करू नये.

पुष्कळ वर्षांचा मधुमेह असेल तर वेगळीच अडचण येते. हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना इजा झालेली असल्यास बसल्या जागची नाडी जास्त आणि कमाल गती कमी राहते, म्हणजे दोन टोकांतले अंतरच आखडते. शिवाय हृदयाला रक्त कमी पडत असतानाही छातीत दुखत नाही. अशा माणसाने ‘मला तर काहीच होत नाही’ यावर विसंबू नये, आणि नवा व्यायाम तपासणीनंतरच सुरू करावा.

आपल्या हृदयगतीचा पट्टा काढणे

हाताशी आता दोन आकडे आहेत. फिनलंडच्या मार्टी कार्वोनेन यांनी १९५७ मध्ये दाखवलेली रीत अशी: कमाल गतीतून बसल्या जागची नाडी वजा करावी, उरते ती हृदयाची राखीव गती. मध्यम व्यायामासाठी या राखीव गतीचे ४० ते ५९ टक्के काढावेत आणि त्यात बसल्या जागची नाडी पुन्हा मिळवावी. माझी कमाल गती १६४ आणि सकाळची नाडी ६२, म्हणून राखीव गती १०२. तिचे ४० टक्के ४१ आणि ५९ टक्के ६०; त्यांत ६२ मिळवले की १०३ ते १२२ हा माझा मध्यम व्यायामाचा पट्टा झाला. कमाल गती तीच, पण सकाळची नाडी ८० असलेल्या माणसाचा पट्टा ११४ ते १३० येतो. केवळ कमाल गतीचे टक्के काढणाऱ्या तक्त्यांत हा फरक दिसत नाही, म्हणून मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी, ज्येष्ठांसह, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम सुचवला आहे. राखीव गतीच्या ६० टक्क्यांपासून पुढे व्यायाम जोरदार समजला जातो. वय झाले म्हणून जोरदार व्यायाम वर्ज्य होतो असे नाही. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे सत्तर ते सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसांनी कमाल गतीच्या जवळ जाणारे चार-चार मिनिटांचे टप्पे एका मोठ्या अभ्यासात पाच वर्षे केले आहेत. मात्र ते तपासणी झालेले आणि मार्गदर्शनाखाली व्यायाम करणारे लोक होते. निदान दोन-तीन महिने मध्यम पट्ट्यात रुळल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकडे वळू नये.

हा पट्टा चालण्या-धावण्यासाठी आहे. सायकलवर कमाल गती त्याहून पाच-दहा ठोके कमी येते आणि पोहताना सुमारे दहा-बारा, कारण शरीर आडवे असते आणि पाणी ते थंड ठेवते. वजने उचलताना तर नाडी हे मापच नव्हे. तेथे श्वास रोखून धरला की नाडी बेताची असतानाही रक्तदाब भडकतो, म्हणून उचलताना श्वास सोडणे एवढा नियम पाळावा.

घड्याळावर किती विश्वास ठेवावा

मनगटावरचे घड्याळ त्वचेतून हिरवा प्रकाश आत पाठवते आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश किती बदलतो ते पाहून ठोके मोजते. बसलेल्या माणसाची नाडी ते चांगली सांगते. हात हलू लागले की त्याचा गोंधळ उडतो, आणि त्यातला एक गोंधळ फसवा आहे: काही वेळा ते ठोक्यांऐवजी पावले मोजू लागते. झपाझप चालणारा माणूस मिनिटाला ११० ते १२० पावले टाकतो, आणि आपला मध्यम पट्टाही नेमका त्याच आसपास असल्याने घड्याळात ११५ पाहून आपण समाधानाने चालत राहतो. शंका आली तर थांबून बोटांनी मोजावे. थांबल्याबरोबर पहिल्या पंधरा सेकंदांतच ठोके मोजून चारने गुणावे; अधिक वेळ घेतला तर नाडी तोवर उतरलेली असते. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट पण रुतणार नाही असे बांधावे. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो, म्हणून तो अधिक अचूक असतो; त्याच्या पट्ट्या पाण्याने ओल्या करून बांधाव्यात, नाहीतर सुरुवातीची दहा मिनिटे तोही काहीबाही सांगतो.

घड्याळ घेतल्यावर जन्मतारीख भरली की बहुतेक घड्याळे कमाल गती स्वतःच ठरवून मोकळी होतात. सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा बदलून आपला घालावा. हे मला कळायला वर्ष लागले. नातवाला दोन मिनिटे लागली.

बोलण्याची कसोटी, ऊन आणि पहिला मिनिट

आकडे जुळवल्यावरही अंतिम निवाडा श्वासाचा असतो. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोरदार. पट्ट्यातला आकडा आणि ही कसोटी यांचे जमत नसेल तर कसोटीचे ऐकावे आणि आकडा पुन्हा तपासावा. पर्वतीवरच्या त्या गृहस्थांनी तसे केले असते, तर ११२ वरच धाप लागत असताना १३० च्या मागे धावले नसते.

उन्हाळ्यात तोच वेग, तोच रस्ता असूनही नाडी सहज दहा ठोक्यांनी वर जाते, कारण घामाने रक्तातले पाणी घटते आणि अंग थंड ठेवण्यासाठी हृदयाला त्वचेकडेही रक्त पाठवावे लागते. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये किंवा कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत आकडा नव्हे, वेग उतरवावा. हिवाळ्याच्या पहाटे थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, म्हणून तेव्हा ऊन वर आल्यावर निघणे शहाणपणाचे. दोन्ही ऋतूंत सुरुवातीची दहा मिनिटे रमतगमत चालावे. वयस्क हृदय चढते सावकाश आणि उतरतेही सावकाश.

उतरण्याची ही मोजणी खरोखर करण्याजोगी आहे. व्यायामाचा जोराचा भाग संपताच आकडा पाहावा, हळूहळू चालत राहावे आणि बरोबर एक मिनिटाने पुन्हा पाहावा. १९९९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी असे दाखवले की ट्रेडमिल चाचणीनंतर पहिल्या मिनिटात नाडी १२ किंवा त्याहून कमी ठोक्यांनीच उतरलेल्या रुग्णांत पुढील वर्षांतले मृत्यूचे प्रमाण अधिक होते. घरची मोजणी म्हणजे ती चाचणी नव्हे आणि एखाद्या दिवशी आकडा कमी आला म्हणून घाबरू नये. पण आठवडाभर तो कमीच येत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावा. नियमित व्यायामाने हा उतार सुधारतो, आणि वहीत तारखेसह लिहून ठेवला तर दोन-तीन महिन्यांत तो दिसतोही.

कोणत्या वेळी वहीही नको आणि घड्याळही नको, हे आधीच ठरलेले असावे. छातीवर दडपण आले, कळ जबडा, खांदा किंवा हातात गेली, गार घाम फुटला, श्वास नेहमीपेक्षा वेगळा लागला, छातीत फडफड सुरू झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर नाडी ९० असो की १५०, त्याच जागी थांबून बसावे. काही मिनिटांत बरे वाटले नाही तर महाराष्ट्रात आणि गोव्यातही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जाऊ नये. आणि पुरुष जे सांगायला संकोचतात ते इथे सांगायलाच हवे: लैंगिक ताठरतेसाठीचे सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा त्याच वर्गातले टाडालाफिल ४८ तासांत घेतलेले असेल, तर छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेऊ नये, सोबत्याने प्रेमाने पुढे केली तरी, आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना ते पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण या दोन औषधांची गाठ पडली की रक्तदाब जीवघेणा कोसळतो.